आधी टेप हातात घ्या, मग माऊस

वाचकाचं पत्र : नाशिकच्या इंदिरानगरमधून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. पंधराएक वर्षं जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा टू बीएचके फ्लॅट आहे. स्वयंपाकघर ८ बाय १० फूट, कडाप्प्याचा जुना एल आकाराचा ओटा, खाली उघडी मांडणी, बाजूला ड्राय बाल्कनी. २०२७ च्या सिंहस्थात घरी पाहुण्यांचा राबता राहणार. त्याआधी ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या आणि वरची कपाटं करून घ्यायची आहेत. एका मॉड्युलर किचनवाल्यांनी थ्रीडी डिझाइन फुकट देऊ म्हणून सांगितलं, पण बुकिंगची रक्कम आधी मागितली. मग ताईंनी स्वतःच फोनवर दोन-तीन अ‍ॅप उतरवून पाहिली. एकात हवी ती कपाटं पैसे भरल्याशिवाय उघडेनात, दुसऱ्यात भिंती मनासारख्या होईनात. यजमान म्हणतात, 'एवढा खटाटोप कशाला, सुताराला सांगितलं की तो करतो.' ताईंची उंची ५ फूट ६ इंच, सासूबाईंची ४ फूट ११ इंच, आणि स्वयंपाक दोघी मिळून करतात, असंही त्यांनी जाता जाता लिहिलं आहे. ताईंचा प्रश्न असा : 'घरी जुना लॅपटॉप आहे. खरोखर फुकट आणि सगळ्यात चांगलं असं एकच सॉफ्टवेअर सांगा. चित्र एकदा मनासारखं झालं की बाकीचं आपोआप ठरेल आणि कुणावर अवलंबून राहावं लागणार नाही.'

ताई,

एकच नाव मागितलंत, तर ते आधी देते : स्वीट होम थ्रीडी. जुन्या लॅपटॉपवर चालतं, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही आणि ते खरोखर फुकट आहे. ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुलं, असल्यामुळे महिनाभराने पैसे मागणारी खिडकी समोर येत नाही. फक्त ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये तेच विकत मिळतं, कारण त्यात फर्निचरचे नमुने जास्त भरून दिलेले असतात. तुम्हाला त्याची गरज नाही. जास्तीचे नमुने मूळ संकेतस्थळावर फुकट आहेत. आणि कुणी एखादं महागडं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर 'फुल व्हर्जन' म्हणून देऊ केलं, तर नको म्हणा. त्याच लॅपटॉपवर तुमचं बँकेचं आणि शाळेचं काम होत असणार.

पण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. चित्र मनासारखं झालं की बाकीचं ठरेल, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते क्रम उलटा आहे. तुमच्या घरी सकाळी किती डबे भरायचे असतात, कुकर कोण लावतं, पोळ्या कोण लाटतं, यातलं काहीच सॉफ्टवेअरला माहीत नसतं. जे तुम्ही ठरवलेलं नाही, ते सॉफ्टवेअर स्वतःच्या मापाने भरून टाकतं. वर चित्र इतकं नेटकं दिसतं की हे आपण ठरवलंच नव्हतं, याची आठवणही राहत नाही. साधी भिंत घ्या. स्वीट होम थ्रीडीमध्ये नवी भिंत काढली की ती साडेसात सेंटिमीटर जाडीची आणि अडीच मीटर उंचीची येते. तुमच्या बाहेरच्या भिंती गिलाव्यासकट नऊ-दहा इंचांच्या असतील, छतही याहून उंच असेल. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन हे दोन्ही आकडे आधी बदलले नाहीत, तर खिडकीची खोली, वरच्या कपाटाची जागा, सगळंच फसवं दिसेल. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं घर पंचवटीतल्या जुन्या वाड्यात असेल, तर तिथल्या भिंती दीड-दीड, दोन-दोन फुटांच्या असतात. त्यांनी तर हे विसरूच नये.

आधुनिक बांधीव स्वयंपाकघराची सुरुवात ज्या नमुन्यापासून झाली असं मानतात, ते १९२६ सालचं फ्रँकफर्ट किचन. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी ते आखलं आणि फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींमध्ये जवळपास दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. माप होतं साधारण १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे सव्वासहा बाय अकरा फूट. तुमच्यापेक्षाही अरुंद. बाईंनी सुरुवात चित्राने केली नव्हती. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, कुठून कुठे किती पावलं पडतात, हे त्यांनी आधी मोजून घेतलं होतं. मात्र त्यांचं स्वयंपाकघर एकट्या बाईने काम करावं या हिशेबाचं होतं. पुढे आलेला शेगडी, सिंक, फ्रिज यांचा त्रिकोणाचा नियमही तसाच. तिन्ही बाजू मिळून १३ ते २६ फूट असाव्यात, असं तो सांगतो. ८ बाय १०च्या खोलीत एल आकाराच्या ओट्यावर हा आकडा फारसं काही न करता जमून जातो. तुमची अडचण त्रिकोणाची नाहीच. सकाळी साडेसहाला दोघी एकाच वेळी उभ्या असताना कोण कुणाला ओलांडून जातं, ही आहे.

म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी दोन-चार दिवस सकाळी नुसतं बघा आणि वहीत टिपा. 'सासूबाई तांदूळ धुवायला सिंकपाशी, मी शेगडीपाशी. फ्रिज उघडला की दोघींची अडचण.' एवढंच लिहा. ही टिपणं कुठल्याही अ‍ॅपमधल्या तयार नमुन्यांपेक्षा कामाची आहेत.

मग मापं. टेप लोखंडी घ्या, शिवणकामाची नको. ती ताणली जाते. प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजा : जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि डोक्याच्या वर. तीन आकडे वेगळे आले तर भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नाही, आणि जुन्या इमारतीत ती सहसा नसतेच. खोली गुण्यात आहे का ते पाहायला दोन्ही कर्ण मोजा. ८ बाय १०ची खोली अगदी काटकोनात असेल, तर कर्ण १२ फूट ९ इंच ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) यायला हवा, आणि दोन्हीही तेवढेच. एक जास्त, एक कमी आला, तर कोपरा उघडा किंवा मिटलेला आहे. अशा वेळी चित्रात तिरपी भिंत काढत बसू नका. त्या बाजूचं सगळ्यात कमी माप धरून चौकोन काढा आणि उरलेली फट फिलर पट्टीने भरायला सुताराला सांगा. आकडे मिलिमीटरमध्ये लिहा. कपाटांचा सगळा बाजार मिलिमीटरमध्ये चालतो आणि सूत-इंचाची बेरीज करताना घोटाळे होतात. बिल्डरचा छापील नकाशा सापडला तर त्याचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीला टाकता येतो आणि एका ज्ञात लांबीवरून त्याचं प्रमाण ठरवता येतं. पण तो आधार म्हणूनच ठेवा. छापील नकाशात गिलावा, टाइल आणि कोपऱ्यात पुढे आलेला कॉलम बऱ्याचदा धरलेला नसतो.

यानंतर ज्या गोष्टी हलत नाहीत त्या चित्रात आधी बसवा : कॉलम, बीम, खिडकी, दार कुठल्या बाजूला उघडतं ते, पाण्याचा पाइप, सांडपाण्याचं तोंड, विजेचे पॉइंट. मला सर्वांत जास्त काळजी इथेच वाटते. माऊसने सिंक या भिंतीवरून त्या भिंतीवर क्षणात जातं. सांडपाण्याचा पाइप तसा जात नाही. त्याला उतार लागतो, उतारासाठी जमीन उचलावी लागते, आणि तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात. सिंक खालच्यांच्या कोरड्या खोलीवर आलं, तर पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या छताला ओल आणि तुमच्या दारात सोसायटीची माणसं. सिंक आहे तिथून दोन-अडीच फुटांपलीकडे हलवायचं असेल, तर प्लंबरला घरी बोलावून विचारल्याशिवाय चित्र पुढे नेऊ नका. चिमणीचंही तसंच. तिचा पाइप बाहेर कुठून काढायचा, ते आधी ठरू द्या. वळणं जितकी कमी तितका धूर चांगला ओढला जातो. बर्नरपासून चिमणीपर्यंत साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर हवं. सिलिंडर ओट्याखालीच राहणार असेल, तर त्या कपाटाच्या दाराला अगदी खाली, जमिनीलगत जाळी किंवा भोकं ठेवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. कुठल्याही थ्रीडी चित्रात ही जाळी दिसत नाही, म्हणून तुम्हीच ती लिहून ठेवा.

आता तुमची आणि सासूबाईंची उंची. पत्रात तुम्ही ते सहज लिहिलंत, पण माझ्या दृष्टीने सगळ्या स्वयंपाकघराचं गणित त्यात आहे. उभ्याने काम करताना ओटा कोपरापासून ४ ते ६ इंच खाली असावा. त्या हिशेबाने तुम्हाला साधारण ३५ ते ३७ इंच उंचीचा ओटा सोयीचा, सासूबाईंना ३१ ते ३२ इंचांचा. बाजारात सर्रास ३२ ते ३४ इंच उंचीचे ओटे बांधतात, आणि मधला आकडा धरला तर दोघींनाही थोडा थोडा त्रास होतो, रोज.

तुमचा ओटा एल आकाराचा आहे, त्याचा फायदा घ्या. शेगडी ओट्यावर ठेवली की कढईचा काठ आणखी वर जातो, म्हणून शेगडीची बाजू खाली असलेली चालते, तुम्हालासुद्धा. सिंकमध्ये उलट होतं. हात भांड्याच्या तळाशी जातात, ओट्याच्या पातळीखाली, म्हणून सिंकची बाजू उंच हवी. शेगडीची बाजू ३२ आणि सिंकची ३५ इंच केली, तर पायरी एकच येते, ती कोपऱ्यात घ्या. पोळ्यांसाठी ओट्याखालून ओढून बाहेर येणारी भक्कम फळी करून घ्या, तीसेक इंचांवर. सासूबाईंना त्यावर पोळपाट ठेवता येईल. मात्र हे आकडे माझे आहेत, तुमचे नाहीत. गवंड्याला सांगण्याआधी आताच्या ओट्याची उंची मोजा, त्यावर जाड पुस्तकं रचून वर एक पाट ठेवा आणि सासूबाईंना त्यावर खरोखर चार पोळ्या लाटायला सांगा. पुस्तकं कमी-जास्त करा. खांदे वर उचलले जात नाहीत आणि कंबर वाकत नाही, ती उंची टेपने मोजून घ्या. आताचा ओटाच जर त्यांना उंच पडत असेल, तर हाच प्रयोग जेवणाच्या टेबलावर करा. वरच्या कपाटांसाठी त्यांना हात वर करायला सांगा. डबा सहज काढता येईल तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण करा. रोजचं सामान त्या खुणेच्या खाली. पुरणयंत्र, मोठी पातेली, तांबट आळीतून घेतलेली पितळेची भांडी वर गेली तरी चालतील.

तुमच्या घरातल्या अशा कितीतरी वस्तू स्वीट होम थ्रीडीच्या यादीत मिळणार नाहीत. गव्हाची कोठी, घरघंटी, कांदे-बटाट्याची जाळी, पाण्याचं पिंप, देव्हारा. त्यासाठी यादीतला साधा खोका घ्या, दोनदा टिचकी मारा आणि लांबी, रुंदी, उंची भरा. जमिनीपासून किती वर ठेवायचा तेही भरता येतं, म्हणजे भिंतीवरचं कपाटसुद्धा खोक्यानेच होतं. नाव द्या, रंग द्या. तयार परदेशी कपाटांचे देखणे नमुने टाकण्यापेक्षा असे खोके टाकलेलं चित्र खरं असतं. ट्रॉल्यांसाठी एक लक्षात ठेवा : तारेच्या स्टील बास्केट ठरावीक रुंदीतच तयार मिळतात, साधारण १५, १७, १९, २१ इंच. कपाटाची आतली रुंदी चॅनेलची, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्यांची, जागा सोडून या मापांना जुळवली, तर खर्च वाचतो. अंबड किंवा सातपूरच्या फॅब्रिकेटरकडे हव्या त्या मापाचं करून मिळेल, पण प्रत्येक वेगळ्या मापाचे पैसे वेगळे.

बाकीच्या सॉफ्टवेअरबद्दलही लिहायला हवं, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाची गरज तुमच्यासारखी नसेल. स्केचअप ताकदीचं आहे, सुतारकामाचे बारकावे त्यात जास्त चांगले दाखवता येतात. पण लॅपटॉपवर उतरवून घ्यायची त्याची फुकट आवृत्ती २०१७ नंतर आली नाही. आता फुकट मिळतं ते ब्राउझरमध्ये चालतं आणि घरगुती वापरापुरतंच. इंटरनेट चांगलं असेल आणि शिकायला पंधरा-वीस दिवस असतील, तर जरूर घ्या. आयकिया या फर्निचर कंपनीचा किचन प्लॅनर फुकट आहे आणि वापरायला सोपाही, पण त्यात त्यांचीच कपाटं, त्यांच्याच मापात येतात. नवी मुंबईच्या दुकानातून माल आणायचा असेल तर उत्तम. सुताराकडून करून घेणार असाल, तर त्यातली मापं तुमच्या भिंतीला लागू पडणार नाहीत. प्लॅनर फाइव्हडीसारखी फोनवरची अ‍ॅप मांडणी कशी दिसेल याचा अंदाज यायला ठीक आहेत. ज्यांच्याकडे फोनच आहे त्यांनी तेवढ्यापुरती ती वापरावी आणि मापं कागदावर ठेवावी. ब्लेंडर या बड्या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या वाटेला एका स्वयंपाकघरासाठी जाऊ नका.

स्वीट होम थ्रीडीचीही एक मर्यादा सांगते. वरून दिसणारा नकाशा आणि थ्रीडी दृश्य त्यात छान येतं, पण प्रत्येक भिंत समोरून, मापांसकट, जशी सुताराला लागते, तशी नीट निघत नाही. त्यासाठी ग्राफ पेपर घ्या, तुमच्या शाळेत तो असेलच. ग्राफच्या १ सेंटिमीटरला भिंतीचे २० सेंटिमीटर धरले, तर दहा फुटांची भिंत साधारण १५ सेंटिमीटरमध्ये बसते. ट्रॉल्यांची दारं, विजेचे पॉइंट, टाइलची उंची, चिमणी, सगळं त्यावर काढा. मिक्सर आणि मायक्रोवेव्हचा पॉइंट त्यांच्या मागे न घेता बाजूला घ्या, नाहीतर प्लग काढायला यंत्र ओढावं लागतं. सुतार आणि इलेक्ट्रिशियन हा कागद खिशात ठेवतात. रंगीत थ्रीडी चित्र कौतुकाने बघतात आणि परत देतात.

चित्र तयार झालं की आणखी एक करा. हॉलमध्ये किंवा गच्चीवर रांगोळीने किंवा खडूने सगळं स्वयंपाकघर खऱ्या मापात आखा. ओटा २ फूट खोल, फ्रिजचं दार उघडल्यावर किती येतं तो पट्टा, ट्रॉली बाहेर ओढल्यावरचे वीस इंच. मग दोघींनी त्यात उभं राहा. एकीने ट्रॉली उघडल्यासारखं करायचं, दुसरीने मागून गरम पातेलं घेऊन जायचं. पडद्यावर कळत नाही ते इथे लगेच कळतं. यजमानांनाही बोलवा. सुतार करतो हे त्यांचं म्हणणं चूक नाही. चांगल्या सुताराच्या हातात पुष्कळ शहाणपण असतं. पण तुमच्या घरी कोण कुठे उभं राहतं, हे त्याला तुम्हीच सांगायला हवं.

बुकिंग मागणाऱ्या कंपनीबद्दल : त्यांचं चित्र त्यांच्या मालाच्या विक्रीसाठी असतं आणि त्यात गैर काही नाही. तुमच्याकडे स्वतःचा नकाशा असेल, तर त्यांच्याकडूनही दर घ्या, पण बोलणं तुमच्या कागदावरून होऊ द्या. प्लायचा दर्जा लेखी घ्या. ओट्याखाली पाण्याशी संबंध येतो, तिथे आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय मागा. सिंकखाली पार्टिकल बोर्ड नको, तो पाण्याने फुगतो. आणि कुणावर अवलंबून राहायचं नाही, असं तुम्ही म्हणता, तर ते होणार नाही, होऊही नये. प्लंबर, गवंडी, सुतार हे लागणारच. शक्य झालं तर नाशिकमधल्याच एखाद्या इंटिरियर डिझायनरला तासाभराची फी देऊन तुमचा नकाशा तपासून घ्या. पूर्ण काम देण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

लॅपटॉपमधल्या मापांवरून ट्रॉल्या मात्र कापायला देऊ नका. ओटा बसला, टाइल लागली, जमीन पूर्ण झाली, की सुताराला पुन्हा सगळी मापं घ्यायला लावा, तुम्ही शेजारी उभं राहून. आकडे बदललेले असतील, ते फाइलमध्ये आणि ग्राफ पेपरवर दुरुस्त करा, नवी तारीख घाला, एक प्रत त्याच्याकडे आणि एक तुमच्याकडे ठेवा, दोन्हींवर दोघांची सही. आगाऊ रक्कम त्यानंतर.